जुनी खाणावळ जपायची तर: नाशिकच्या वाड्यातल्या लोकसंग्रहालयाची कामं, क्रमाने

चुलीच्या डाव्या हाताच्या भिंतीवर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, कोळशाने ओढलेल्या उभ्या रेघा होत्या. प्रत्येक ओळीपुढे आडनावाचं पहिलं अक्षर. हे खाडे. आज दुपारी कोण येणार नाही, शनिवारी कोण गावी जाणार, ते वाढपी आत येऊन सांगायचा आणि खाणावळ चालवणाऱ्या काकू चुलीतला विझका कोळसा उचलून भिंतीवर रेघ मारायच्या. महिनाअखेर त्या रेघा वहीत जायच्या आणि तेवढे पैसे बिलातून वजा व्हायचे. ती भिंत आम्ही एकदाच पाहिली, आणि त्या दिवशी फोटो काढला नाही. पंधरा दिवसांनी परत गेलो तर घरच्यांनी, आता चार माणसं बघायला येणार म्हणून, अख्ख्या स्वयंपाकघराला पांढरा डिस्टेंपर मारून ठेवला होता. त्यांनी ते प्रेमानेच केलं होतं. रेघा मात्र गेल्या त्या गेल्याच.

म्हणून जुनी खाणावळ, धर्मशाळा, उतारूंची जागा असं काही जपायला निघालेल्या प्रत्येकाला मी पहिली गोष्ट हीच सांगतो: काही करू नका. झाडू मारू नका, जळमटं काढू नका, भांडी घासू नका. खाणावळीचा इतिहास देवळासारखा दगडात कोरलेला नसतो. तो काजळीत असतो, उंबऱ्याला पडलेल्या खळग्यात असतो, पाट टेकवून टेकवून भिंतीला पडलेल्या डागात असतो. साफसफाईत पहिला बळी त्याचाच जातो.

नाशिकला हे जास्त लागू आहे. यात्रेकरू इथे आला की आपल्या तीर्थोपाध्यायाकडे उतरायचा. त्याच्या सात पिढ्यांची नावं तिथल्या वहीत असायची आणि जेवणाचीही सोय तिथेच व्हायची. पण जो नोकरीला आला, कोर्टात कारकून म्हणून, शाळेत मास्तर म्हणून, नाशिकरोडच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये, किंवा १९२४ साली सुरू झालेल्या एचपीटी कॉलेजात शिकायला, त्याने जेवायचं कुठे? गरिबाचा मुलगा वार लावून, म्हणजे आठवड्याचा एकेक वार एकेका घरी, जेवायचा. ज्याला महिन्याचे पैसे देणं परवडायचं तो खाणावळ धरायचा. काळारामाला, सुंदरनारायणाला, सरकारवाड्याला राखणारं कोणी ना कोणी आहे. या शहरात नोकरदार माणूस ज्या पंगतीवर उभा राहिला, तिला राखणारं कोणी नाही.

आधी नोंद

पहिला महिना फक्त नोंदीचा. प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो, मग तक्तपोशीचा (लाकडी छताचा), मग जमिनीचा. फोटोत मोजपट्टी किंवा खुणा केलेली काठी उभी धरा, म्हणजे उंची नंतर काढता येते. त्यानंतर खोलीत अंधार करून टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका उजेड पाडा. समोरून कोरी दिसणारी भिंत अशा उजेडात बोलू लागते: पुसलेला दरफलक, खिळ्यांच्या रांगा, बुजवलेला कोनाडा. आम्हाला अशाच उजेडात ओसरीच्या खांबावर नखाने कोरलेल्या तारखा सापडल्या.

नकाशा काढताना खोल्यांची नावं वास्तुविशारदाच्या भाषेत लिहू नका. तिथे राहिलेल्या माणसाला विचारा. आमच्या नकाशात ‘कोठार’ म्हणून लिहिलेल्या खोलीला घरात ‘मिठाची खोली’ म्हणत, आणि तिच्याच भिंतींना सगळ्यात जास्त लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, का आला होता ते या नावावरून कळलं. मापं फूट-मीटरमध्ये घ्या, पण किती खणांचं घर हेही लिहा (खण म्हणजे दोन खांबांमधलं अंतर). सुताराशी पुढे बोलायचं आहे ते खणांच्याच भाषेत.

शहराची पार्श्वभूमी पाहायला १८८३ साली निघालेला मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा सोळावा, नाशिक जिल्ह्याचा खंड वाचा, आणि १८४० पासून चालू असलेल्या सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा.

मालकी, म्हणजे सगळ्यात चिवट काम

वाडा म्हटला की वाटेकरी आले. नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) काढा आणि तिच्यावरच्या प्रत्येक नावाचा आजचा वारस शोधा. एक पुण्यात, एक परदेशात, एकाचं बाकीच्यांशी बोलणं बंद. भाडेकरू असतील तर त्यांचे हक्क वेगळे, आणि त्यांना वगळून केलेला कोणताही बेत टिकत नाही. कितीतरी घरांत खाणावळ चालवणारी बाई स्वतः भाडेकरूच होती. तिच्या घरच्यांना मालकांइतकंच मानाने बोलवा.

विकत घेण्याच्या फंदात बहुतेकांनी पडू नये. दीर्घ मुदतीचा नोंदणीकृत भाडेपट्टा पुरतो, आणि वारसांनाही घर हातचं गेल्यासारखं वाटत नाही. एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा पट्टा नोंदवावाच लागतो. साध्या स्टँपपेपरवरच्या करारावर लाखोंची दुरुस्ती करू नका. जागा एखाद्या विश्वस्त संस्थेची असेल, आणि धर्मशाळा बहुधा तशाच असतात, तर तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ खाली धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते.

तुमचीही संस्था हवी. सात माणसं जमली की १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी होते, पाठोपाठ धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणूनही करून घ्या. आयकर खात्याची देणग्यांसाठीची मान्यता (‘८०जी’ म्हणून ओळखली जाणारी) मिळाली की देणगीदाराला करात सवलत मिळू शकते. कंपन्यांनी सामाजिक निधी (सीएसआर) कशावर खर्च करायचा त्याच्या यादीत, म्हणजे कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत, ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती आहे, म्हणजे सातपूर-अंबडच्या कारखानदारांकडे सामाजिक निधी मागायला जाताना तुम्ही रिकाम्या हाताने जात नाही. त्या सात जणांत खाणावळीत प्रत्यक्ष जेवलेला एक तरी माणूस घ्या.

पालिकेची नोटीस आली तर

दर पावसाळ्याआधी जुन्या नाशकातल्या वाड्यांना धोकादायक म्हणून नोटिसा लागतात. त्यावर रागावू नका. वाडे खरोखर पडतात आणि माणसं खरोखर दगावतात. पण नोटीस आली म्हणजे वाडा पाडायलाच हवा असं नसतं. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ मध्ये दुरुस्ती करून धोका दूर करण्यालाही जागा आहे. नोटीस हातात पडण्याआधीच संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्या, तीही लाकूड आणि चुना कळणाऱ्या अभियंत्याकडून. ज्याने फक्त आरसीसी पाहिलंय तो प्रत्येक वाड्याला ‘पाडा’ म्हणतो. अहवालात कोणता भाग धोक्याचा, कुठे टेकू लावला आणि दुरुस्ती किती दिवसांत होणार हे स्पष्ट लिहून घ्या आणि पालिकेकडून पोच घ्या. आसपास सरकारी संरक्षित स्मारक असेल तर पुरातत्त्व विभागालाही आधीच विचारा. केंद्राच्या स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवीन बांधकामाला बंदी आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी, असा नियम आहे.

पाणी वरून खाली

दुरुस्तीचा क्रम कधीही उलटा करू नका. आधी छप्पर, मग पन्हळी, मग भिंती, मग जमीन. दर्शनी दरवाजा रंगवून उद्घाटन करायची घाई सगळ्यांना असते. पहिल्या वर्षी दाखवण्यासारखं काहीच नसेल, ही तयारी ठेवा.

छपराचं काम मृगाआधी संपलंच पाहिजे. कौलं उतरवताना फुटतात, म्हणून पाडलेल्या वाड्यांची त्याच आकाराची कौलं आधी जमवून ठेवा. कौलांखालच्या रिपा आणि वासे बदलताना चांगला वासा जुना म्हणून फेकू देऊ नका. शंभर वर्षं धूर खाल्लेल्या सागाला कीड सहसा लागत नाही.

आता चुना. या एका गोष्टीवर मी गवंड्यांशी सगळ्यात जास्त भांडलो आहे. आपले वाडे बाहेरून भाजक्या विटेचे आणि आतून पांढऱ्या मातीचे असतात. या भिंती श्वास घेतात: पावसाळ्यात ओल ओढतात, हिवाळ्यात सोडतात. त्यावर सिमेंटचा गिलावा केला की ओल बाहेर पडायची वाटच बंद होते. ती आत चढत राहते, बरोबर क्षार नेते आणि वीट आतून भुसभुशीत होते. सिमेंट घट्ट दिसतं आणि त्याच्यामागची भिंत पीठ झालेली असते. तीन-चार वर्षांनी गिलाव्याची अख्खी खपली विटेचा तोंडवळा घेऊन खाली येते. म्हणून जुन्या भिंतीवर सिमेंट नाही. दर्जांमध्ये, म्हणजे विटांच्या सांध्यांतही नाही, ‘थोडंसंच’सुद्धा नाही.

कळीचा (भाजलेला, न विरवलेला) चुना खड्ड्यात भिजवायचा आणि निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. भिजवताना तो उकळतो आणि डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो; चष्मा आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणालाही खड्ड्याजवळ जाऊ देऊ नका. दर्जा भरायला एक भाग चुना, तीन भाग स्वच्छ चाळलेली वाळू. गूळ-हिरड्याचं पाणी घालायची रीत आपल्याकडे आहे. म्हातारा गवंडी सापडला तर त्याचं प्रमाण विचारून लिहून घ्या. गिलाव्याचे थर पातळ द्यायचे आणि ओल्या गोणपाटाखाली हळूहळू वाळवायचे. दिवाळीनंतर सुरू करून फाल्गुनात संपवावं. वैशाखाच्या उन्हात केलेला चुना तडकतो.

काजळीची भिंत मात्र या सगळ्यातून वगळा. तिला मऊ कुंचल्याने वरची धूळ तेवढी झटकायची, पाणी लावायचं नाही. सुटत असलेला भाग असेल तर संवर्धनाचं शिक्षण घेतलेल्या माणसाला बोलवा. आमच्याकडे डिस्टेंपरमधून वाचलेला फडताळामागचा हातभर रुंदीचा पट्टा आहे. मला अख्ख्या संग्रहालयात तो पट्टा सगळ्यात मोलाचा वाटतो.

लाकूड

खांब सडतो तो खाली, तळखड्यावर (पायाच्या दगडावर) टेकतो तिथे. लाकडी हातोडीने वरून खाली ठोकत या. पोकळ आवाज आला की टोच्याने दाबून पाहा. तुळया सडतात भिंतीत घुसलेल्या टोकाशी, म्हणून तिथला गिलावा थोडा उकरून बघावाच लागतो. सडलेला भाग तेवढाच कापून जुन्या सागाचा तुकडा सांध्याने जोडता येतो. जॅक लावून वाकलेली तुळई सरळ करायचा मोह आवरा. घर त्या वाकेवर स्थिरावलेलं असतं. फक्त भार उचला आणि दुरुस्ती करा. वाळवीसाठी बोरॅक्स-बोरिक ॲसिडचं द्रावण, शेवटी जवसाचं तेल. ऑइलपेंट आणि चकचकीत व्हार्निश नको.

अभियंत्याला आणखी एक विचारा: माडीवर एका वेळी किती माणसं? राहत्या घरात चौरस मीटरला साधारण २०० किलोचा भार धरतात, लोक जमतात त्या दालनात ४०० ते ५००. वाड्याची माडी दुसऱ्या प्रकारासाठी बांधलेली नसते. आम्ही पाहुण्यांची गर्दी तळमजल्यावरच ठेवतो आणि माडीवर एका वेळी आठ जण.

गोदामाई

घाटाजवळच्या प्रत्येक वाड्याला हा विचार करावाच लागतो. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की अख्खं नाशिक गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतं: पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वर्षी घाटालगतच्या वस्तीत पाणी शिरलं. आपली जागा निळ्या पूररेषेच्या आत येते की लाल, ते पालिकेच्या नकाशावर पाहून घ्या. निळी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात, लाल १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. शेजाऱ्यांना विचारून आजवर पाणी कुठवर आलं त्याची भिंतीवर खूण करा आणि त्या खुणेखाली कागद, फोटो, विजेचा बोर्ड यांतलं काहीही ठेवू नका. आषाढ लागला की वह्या माडीवर, भिंतीलगत, तुळईच्या डोक्यावर. कोणी काय उचलायचं याची यादी दाराच्या आत चिकटवा आणि चावी चालत येऊ शकणाऱ्या दोघांकडे द्या.

भांडी

लोक सगळ्यात आधी भांडी आणून देतात. नाशिक म्हणजे तांबट आळी आणि भांडीबाजार, त्यामुळे परात, घंगाळ, बंब, तपेली, ओगराळी यांना तोटा नाही. इथे दोन नियम पाळा.

पहिला, घासायचं नाही. चिंच नाही, पितांबरी नाही, लिंबू तर नाहीच. जुन्या पितळेवर ठिपक्याठिपक्यांनी नावं घातलेली असतात आणि त्या ठिपक्यांत बसलेल्या काळ्यामुळेच अक्षरं वाचता येतात. आमच्याकडच्या एका मोठ्या पातेल्याच्या काठावर तीन नावं आहेत. पहिलं एका बाईचं, ठसठशीत. त्याच्यावर आडवी रेघ आणि शेजारी दुसऱ्या बाईचं नाव, वेगळ्या हाताने घातलेलं. पुढे फक्त ‘खाणावळ’. लग्नात मिळालेलं भांडं सुनेकडे गेलं आणि सुनेने ते धंद्याला लावलं, असं आम्ही वाचतो. अशा काठावर बटरपेपर ठेवून पेन्सिल फिरवा, ठसा मिळतो. आतली कल्हई किती झिजली तेही लिहा. भांडं किती राबलं ते तिच्यावरून कळतं.

दुसरा, सगळं घ्यायचं नाही. एकसारखे चाळीस तांबे ठेवून जागा अडते. घेताना ‘परत मागणार नाही’ असं साधं दानपत्र लिहून घ्या. ‘ठेवायला देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. प्रत्येक वस्तूला क्रमांक: वर्ष, देणाऱ्याचा अनुक्रम, वस्तूचा अनुक्रम. म्हणजे २०२४.७.३. सुती दोऱ्याने चिठ्ठी बांधा, आणि बांधीव नोंदवहीत वस्तू, माप, कोणाकडून, कशासाठी वापरत, हे लिहा. चौथा रकाना कधी रिकामा सोडू नका. भांडं बाजारातही मिळतं, ‘यात रविवारचं श्रीखंड फेटायचे’ हे वाक्य मिळत नाही. चित्रित पोथी किंवा जुनी मूर्ती आली तर थांबा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखाली तिची नोंदणी लागू शकते.

वह्या

रोजकीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही), खतावणी (खातेवार हिशोबाची वही), खाड्यांची वही. जुन्या पानांवर मोडी असेल. पुराभिलेख संचालनालयाची मोडी प्रशिक्षणं होतात; आपल्यातला एक जण पाठवा. पानं सरळ वरून, खिडकीच्या उजेडात फोटो काढून घ्या. चिकटपट्टी नको, लॅमिनेशन तर मुळीच नको. कसर लागली असेल तर वही पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे २० अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस उघडायची नाही, नाहीतर कागदावर दव धरतं. मांडलेल्या पानावर उजेड ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त नको, आणि दर तीन महिन्यांनी पान उलटा.

वह्यांत थकबाकीही असते. कोणी तीन महिन्यांचे पैसे न देता गेला, कोणाला काकूंनी ‘माफ’ लिहिलं. त्यांची नातवंडं याच शहरात राहतात. नावं झाकून पान मांडा.

आठवणी, आणि पंगतीबाहेरचे

‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की लोक भाषण करतात. त्यांना वाड्यात आणा, पाट मांडा आणि विचारा: तुम्ही कुठे बसायचात? तिथे बसले की आपोआप सांगतात. समोर कोण असायचं, आमटी पातळ कधी व्हायची, फीस्टच्या दिवशी कोण किती जिलब्या खायचं. एका आजोबांनी बसल्याबरोबर उजवा हात मागे नेला आणि भिंतीतली खुंटी न बघता चाचपली. टोपी तिथे अडकवायचे.

पण दुसराही प्रश्न विचारा: इथे कोणाला बसता येत नव्हतं? जुन्या खाणावळींच्या पाट्यांवर जातीची नावं सर्रास असायची. जिथे पाटी नव्हती तिथे पहिल्याच दिवशी आडनाव विचारायचे. ज्या शहरात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला, त्या शहरातल्या पंगतीचं संग्रहालय हे टाळून उभं राहूच शकत नाही. वाड्याचा दिंडी दरवाजा ज्यांना बंद होता त्यांच्या घरी जा, त्यांच्या वडीलधाऱ्यांनी नाशकात कुठे खाल्लं ते विचारा, आणि ती उत्तरं शेवटच्या खोलीत नको, दारातच लावा. आमच्यातल्या काहींना हे आधी पटत नव्हतं. चार बैठका झाल्या. आता पाटी दारात आहे.

उघडल्यावर

रोज उघडं ठेवायचा अट्टहास नको. आठवड्यातले दोन दिवस नक्की, हे बरं. २०२७ च्या सिंहस्थाच्या गर्दीत माडी बंद ठेवा आणि त्या काळात बांधकाम काढू नका, कारागीर मिळणार नाहीत. जुनी चूल पेटवू नका. सुक्या सागाचं घर आहे. स्वयंपाकाला मागच्या पडवीत गॅस आणि अन्न सुरक्षेची नोंदणी. वायरिंग सगळं नवीन, आगीचे सिलिंडर दोन्ही दारांशी.

महिन्यातून एक पंगत घाला. खाणावळीत कोणी जेवतच नसेल तर ती दुकानाच्या काचेसारखी होते. आमच्याकडे दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी चोवीस पाट मांडतात: वरणभात, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, पोळी आणि वहीत सापडेल ते गोड. नावनोंदणी आधी, पैसे आधी, आणि पाटीवर कोणाचीही आडनावं नाहीत. स्वयंपाकघराच्या दाराशी एक दगडी पाटी टांगली आहे आणि खाली विझक्या कोळशाचा डबा. खाडा असेल तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत येऊन रेघ मारून जायची.